शेकोटीची ओळ तेवढी काढा : सोलापुरातल्या सहल-संयोजकांना आणि ट्रेकिंग मंडळांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गड्ड्याची जत्रा उरकली की उन्हाळी सहलींची पत्रकं घरोघर फिरू लागतात. यंदाही एक हातात आलं. कुलू, मनाली, तीर्थन खोरं, जालोरी खिंड. आठ रात्री, नऊ दिवस. नाश्ता, दोन वेळचं जेवण, गाडी, गाइड. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत, ‘देवदारच्या जंगलात रोज रात्री शेकोटी’. मला तुमच्याशी बोलायचंय ते या शेवटच्या ओळीबद्दल. ती काढून टाका, एवढंच मागणं आहे. ती का काढावी, ते जरा सविस्तर सांगते.

मी हिमालय पाहिला तो तुमच्यामुळेच. मे महिन्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर बसून असतो, घरातली फरशीसुद्धा तापते. अशात कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली गाठायची, तिथून रात्रभर बसनं चढायचं आणि पहाटे खिडकी उघडली की अंगावर काटा येईल असं गार वारं. पहिल्यांदा गेले तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. मागावर काम करणाऱ्या माणसाच्या लेकीला तुम्ही बर्फ दाखवलात, हे मी विसरणार नाही. घरच्या माणसाला बाजूला घेऊन सांगावं, तसं हे सांगते आहे.

देवदार हे नाव मात्र मी लहानपणापासून ऐकत आले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या आमच्या घरात मागाशेजारी एक देवदारी खोकं असायचं. फळबाजारात सफरचंदाची रिकामी खोकी स्वस्तात मिळत, वडील ती आणत आणि भरलेल्या कांड्या त्यात ठेवत. पांढुरक्या, पातळ फळ्या, कोपऱ्यांना पट्टीचे खिळे, मधेच एखादी काळी गाठ. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्या गाठीपाशी नाक नेलं तर राळेचा वास यायचा. मी शाळेत जायच्या आधी तो वास घेऊन जायची. आई ओरडायची, फळीची कुसळं नाकात जातील म्हणून.

पुढं तुमच्याच एका सहलीत, तिथल्या वनरक्षकानं सांगितलं तेव्हा कळलं की ते लाकूड देवदाराचं नव्हतंच. खरा देवदार तेलकट आणि टिकाऊ, त्याला कीड सहसा शिवत नाही. त्याची घरं बांधतात, देवळं बांधतात. मनालीला आपण ज्या हिडिंबा देवीच्या देवळापुढं रांगेनं फोटो काढतो, ते १५५३ सालचं देऊळ बहुतांश लाकडाचं आहे आणि भोवतीची देवदारांची राई देवीची म्हणून राखली गेली. आपल्याकडे सह्याद्रीत देवराया राहिल्या, तशीच. सफरचंदाची खोकी व्हायची ती तोश आणि रई या सूचिपर्णी झाडांची, किंवा कैल आणि चीड या पाइनची. आपण इथं सगळ्यांनाच सरसकट देवदारी म्हणत आलो.

ही झाडं वाढायला शंभर-दीडशे वर्षं घेतात. हिमाचलात सफरचंदाच्या बागा वाढल्या तशी दर मोसमाला लाखो पेट्यांसाठी ती तोडली जायची. म्हणजे माझ्या वडिलांच्या कांड्या ज्या फळ्यांत राहिल्या, त्या फळ्यांचं झाड माझ्या पणज्याच्याही आधी उगवलेलं असणार, आणि एका हंगामाचं फळ पोचवण्यासाठी ते आडवं झालं. १९८० नंतर लाकडी पेट्यांसाठी झाडं देणं हळूहळू आवरतं घेतलं गेलं आणि पुठ्ठ्याची खोकी आली. सफरचंद सोलापूरला यायचं काही थांबलं नाही. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता शेकोटीकडे येते. चार वर्षांपूर्वी जालोरी खिंडीखालच्या शोजा गावाच्या वरच्या अंगाला आपला मुक्काम होता. संध्याकाळी छावणीवरच्या पोरानं एक लांबलचक ओंडका ओढत आणला. वरून करडा, शेवाळलेला, एका बाजूनं कुजून मऊ झालेला. कुऱ्हाडीनं तुकडे केले, रॉकेल ओतलं, पेटवलं. राळ तडतडायला लागली, ठिणग्या उडाल्या, आपल्यातल्या बायकांनी गाणी म्हटली. मीही म्हटली. हात शेकत मीही बसले होते, हे लपवत नाही.

सकाळी उठले तर छावणीच्या खालच्या घरातली एक बाई राखेपाशी बसून अर्धवट जळालेली टोकं वेचत होती. पाठीला किल्टा, म्हणजे त्यांच्याकडची निमुळती टोपली. मी जवळ गेले तर जरा ओशाळली. मग म्हणाली, “दीदी, तुम्ही रात्री जाळलं तेवढ्यावर माझी चूल चार दिवस चालते.” पूर्वी सरपण घराच्या मागंच मिळायचं, आता तासभर चढून जावं लागतं, कारण रस्त्यालगतचं पडलेलं लाकूड छावण्यांना विकलं जातं. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर त्या घरांना चार-चार महिने चूल पेटती ठेवावी लागते. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. जंगलातल्या सरपणावर तिथल्या गावांचे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले हक्क आहेत. नऊ दिवसांच्या पाहुण्यांचा त्यावर काय हक्क?

तुमच्यापैकी एक जण तेव्हा म्हणाला, “वाळलेलं, पडलेलं लाकूड तर होतं ते, झाड थोडंच तोडलं?” हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मलाही तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. ते त्याच सकाळी मिळालं. वनरक्षकानं मला छावणीपासून शंभर पावलांवर नेलं. तिथं तसाच एक ओंडका पडलेला होता, न उचललेला. त्याच्या पाठीवर शेवाळ, शेवाळात बोटाएवढी रोपं, ओळीनं उभी. प्रत्येकाला छत्रीच्या काड्यांसारख्या सुया. त्यानं एका रोपाला हात न लावता नुसतं बोट दाखवलं आणि विचारलं, “वय सांगा.” मी म्हटलं, असेल दोन-तीन महिन्यांचं. ते चार वर्षांचं होतं.

तोश-रईच्या जंगलात जमिनीवर सुयांचा जाड थर असतो. वरून पडलेलं बी त्या थरात रुजतं, पण कोवळं मूळ खालच्या ओल्या मातीपर्यंत पोचायच्या आत वरचा थर वाळतो आणि रोप मरतं. कुजणारा ओंडका मात्र पाणी धरून ठेवतो. तो जमिनीपेक्षा उंच, म्हणून बर्फातून लवकर मोकळा होतो, आणि त्यावर गवत-झुडपांची दाटी नसते. म्हणून कित्येक रोपं मेलेल्या झाडाच्या अंगावरच वाढतात. या झाडांना भरघोस बी दरवर्षी येत नाही. मधे काही वर्षं जातात. त्या एका चांगल्या वर्षाचं बी जिथं तग धरणार, ती जागा आपण रात्री नऊ ते अकरा जाळतो. देवदाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचं बोंड झाडावरच उकलून विस्कटतं आणि पंखाचं बी वाऱ्यावर जातं. पण पहिली काही वर्षं सावली, ओल आणि न तुडवलेली जमीन त्याच्याही रोपाला लागतेच. आपल्या तंबूची खुंटी जिथं ठोकली होती तिथंही अशी दोन रोपं होती. एक मोडलेलं होतं. मी ते उभं करून पाहिलं, उभं राहिलं नाही.

देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात देवदाराच्या बुंध्याचा एक आडवा काप ठेवलेला आहे. त्यावर सातशेहून जास्त वलयं आहेत, म्हणजे तितकी वर्षं. तुमची उत्तराखंडची सहल देहरादूनवरूनच जाते ना? मसुरीच्या बाजारातला एक तास कमी करा आणि लोकांना तो काप दाखवा. पोरांनी त्या वलयांवरून बोट फिरवलं की पुढचं भाषण तुम्हाला करावं लागणार नाही.

आगीचं आणखी एक अंग आहे, आणि ते जास्त भयंकर आहे. बस मैदान सोडून चढायला लागली की आधी चीड लागतो. साधारण १८००-२००० मीटरपर्यंत त्याचंच राज्य. त्याच्यावर बान म्हणजे ओक, मग देवदार आणि कैल, त्याच्यावर तोश-रई आणि खर्सू, म्हणजे उंचावरचा ओक, आणि शेवटी भोजपत्र नि बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, की पुढं झाड नाहीच. चिडाच्या लांब सुया, ज्यांना उत्तराखंडात पिरूल म्हणतात, गळतात नेमक्या एप्रिल-मे-जूनमध्ये, आपल्या सहलींच्या दिवसांत. राळ भरलेल्या, खडखडीत वाळलेल्या. उतारावर घोटाभर थर साचतो. बस चहाला थांबते, कुणीतरी बिडी ओढतो, थोटूक उतारावर टाकतो. एवढं पुरतं.

चिडाची स्वतःची साल जाड, तो जमिनीवरच्या आगीतून बहुधा वाचतो. मरतात ती त्याच्या खाली उगवू पाहणारी बानची रोपं. आग पुन्हा येते, पुन्हा बान मरतो आणि हळूहळू डोंगरावर चीडच उरतो. बानच्या मुळांशी पाण्याचे झरे टिकतात, गुरांना पाला मिळतो, म्हणून पहाडातल्या बायका बान गेला की हळहळतात. देवदार-तोशच्या पट्ट्यात आग कमी वेळा लागते, पण तिथल्या झाडांना चिडासारखी आग सोसत नाही. त्यांचं नुकसान भरून यायला माणसाच्या तीन-चार पिढ्या जातात.

२०२४ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये नैनितालची आग विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलत होतं. जूनमध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेली वनखात्याची माणसं ज्वाळांत सापडली, चार जण तिथंच गेले. त्या आगी पर्यटकांनीच लावल्या असं मी म्हणत नाही. गवत चांगलं यावं म्हणून जाळण्याची जुनी रीत आहे, शेतातला कचरा जाळताना आग सुटते, कधी कुणी मुद्दामही लावतं. पण जिथं माणसं ठिणगी विझवताना जीव देतात, तिथं आपण करमणुकीसाठी ठिणगी पाडायची, हे मला आता सोसत नाही.

अग्नी काय असतो हे सोलापूरकराला सांगायला नको. संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम पेटतो, तेव्हा वर्षाकाठच्या त्या एका अग्नीसाठी गाव गोळा होतं. त्याला जागा आहे, वेळ आहे, कारण आहे. पॅकेजमधल्या शेकोटीला यातलं काय आहे?

याच डोंगरांत २६ मार्च १९७४ ला रेणी गावच्या गौरादेवी गावातल्या बायका-मुलींना घेऊन लिलाव झालेल्या झाडांपुढं उभ्या राहिल्या. पुरुष त्या दिवशी गावात नव्हते. कुऱ्हाडी परत गेल्या. चिपको आंदोलन त्याच्या आदल्या वर्षीच मंडल गावात सुरू झालं होतं, आणि त्याची परिणती पुढं १००० मीटरच्या वरची व्यापारी तोड थांबवण्यात झाली. ठेकेदाराची कुऱ्हाड दिसते, मोजता येते, अडवता येते. आपल्या शेकोट्या कुणी मोजत नाही. एका छावणीत एका रात्री एक ओंडका, आणि खोऱ्यात छावण्या किती, हे तुम्हीच मला सांगू शकाल.

आणखी एक गोष्ट, जी सोलापूरच्या माणसाला इतर कुणाहीपेक्षा लवकर समजेल. तीर्थन खोऱ्याला लागूनच ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं जुजुराणा राहतो. हिमाचलचा राज्यपक्षी, दाट सूचिपर्णी जंगलात खालच्या झुडपांत लपून वावरणारा. त्याच्या विणीचे दिवस मे-जून. मोनाल तर जमिनीवरच, एखाद्या खडकाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला अंडी घालते, तीही याच सुमारास. रात्री स्पीकर, वर उजेड, भोवती माणसं. मादी अंड्यांवरून उठली की थंडी आपलं काम करते.

आपल्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोकही उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. लहानपणी शाळेच्या सहलीत मी नान्नजला गेले होते, लांबवर तीन पक्षी चालताना दिसले होते. गुरुजींनी आम्हाला श्वास रोखून बसवलं होतं. आज तिथं एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. जमिनीवर अंडं घालणारा पक्षी कसा हातातून जातो, ते आपल्या जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

माळाचा विषय निघालाच आहे तर सांगते. तुमच्यातल्या एका मंडळानं जाहीर केलंय की हिमालयात जेवढे पर्यटक नेऊ तेवढी झाडं सोलापूरजवळच्या माळावर लावू. हेतू चांगला आहे, पण कृपा करून हे करू नका. माळ म्हणजे झाडं गेलेली ओसाड जागा, असं समजून आपण फार नुकसान केलंय. कुसळी, पवन्या अशा गवतांचा तो भरलेला संसार आहे. माळढोक, लांडगा, काळवीट, धाविक त्यावर जगतात, आणि तिथं गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या की त्यांची जागा जाते. तिकडच्या जळालेल्या तोशची भरपाई इकडच्या गवतानं का करायची? झाडं लावायचीच असतील तर शहरातल्या रस्त्यांवर लावा, कडुनिंब, करंज लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला.

तुमची अडचण मला कळते. पर्यटक मागतात. “पैसे मोजलेत, मग शेकोटी का नाही?” असं म्हणणारा एक जण प्रत्येक बसमध्ये असतो. एका संयोजकानं ती काढली तर तो दुसऱ्याकडे जाईल. म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलंय. तुम्ही एकमेकांना ओळखता, गाड्या आणि खोल्यासुद्धा एकमेकांकडून घेता. सगळ्यांनी एकाच वर्षी ती ओळ काढली तर कुणाचंच गिऱ्हाईक तुटणार नाही. पुठ्ठ्याची खोकी आली म्हणून लोकांनी सफरचंद खायचं सोडलं नाही. शेकोटी गेली म्हणून हिमालयाला जायचंही कुणी सोडणार नाही.

थंडीचं म्हणाल तर ज्या गावाची चादर देशभर ओळखली जाते, त्या गावच्या माणसांनी थंडीला काय करायचं हे वेगळं सांगायला हवं का? प्रत्येकाच्या सामानात एक सोलापुरी चादर सक्तीची करा. पत्रकात शेकोटीच्या जागी तीच ओळ घाला. रात्री गाणी म्हणायची असतील तर गावातल्याच एखाद्या घरी म्हणा, जिथं चूल तशीही पेटलेली असते. त्या घराला खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे मिळतील, आणि थाचावर, म्हणजे त्यांच्या गवताळ चराऊ पठारावर, तंबू ठोकायची गरजही उरणार नाही. तिथल्या बायकांच्या हातचा सिड्डू आणि तूप एकदा खाऊन पाहा. आपली शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्यांच्या पानात वाढा, त्यांना आवडते हे मी पाहिलंय. चटणीची रिकामी पाकिटं मात्र परत सोलापूरला आणा. त्या गावांत घंटागाडी येत नाही. कचरा ओढ्यात जातो किंवा अस्वलाला सवय लावतो.

चिडाच्या पट्ट्यात बस थांबली की बिडी-सिगारेट बंद, हे ड्रायव्हरपासून सुरू करा. आणि वीण जिथं चालू असते त्या वरच्या जंगलात मे महिन्यात स्पीकर नेऊ नका. सप्टेंबरअखेर नि ऑक्टोबरचा हिमालय पाहायला मिळाला तर लोक मे विसरतील, असं माझं मत आहे. पण शाळांच्या सुट्ट्या मला कळतात, म्हणून त्याचा आग्रह धरत नाही. आग्रह एकाच ओळीचा आहे.

वडील गेल्यावर माग विकला, घर बदललं. देवदारी खोकं मी ठेवून घेतलं. दोन फळ्या निखळल्या आहेत, एका बाजूला अजून निळ्या शाईचा, वाचता न येणारा शिक्का आहे, आणि गाठीपाशी अजून वास येतो, फार जवळ गेलं तर. सहलीला निघण्याआधी तुम्ही पर्यटकांची जी बैठक घेता, त्या बैठकीत मला दहा मिनिटं द्या. खोकं मी घेऊन येईन. पार्क चौक असो की जुळे सोलापूर, रिक्षाचे पैसे माझे.

आपली,
तुमच्या सहलींत पाच वेळा आलेली एक सोलापूरकर